हळदीच्या मांडवातलं मशीन

बोनकोड्यात लग्न ठरलं की आधी हॉलवाला बुक करतात, मग डीजेवाला आणि मग गोजरा. पहिल्या दोघांचं काम फोनवर होतं. गोजराच्या घरी मात्र जाऊन बसावं लागतं, चहा प्यावा लागतो, आणि नवऱ्यामुलाच्या आजीच्या गुडघ्यांपासून सगळी विचारपूस करून झाली की मगच ती तारीख देते. गोजरा गावची धवलारीन. आगऱ्यांच्या लग्नात मांडव पडल्यापासून हळद उतरेपर्यंतचे विधी धवलारीन गाऊन लावते, आणि तिचं ते गाणं, म्हणजे धवला, सुरू झाल्याशिवाय नवऱ्याच्या अंगाला हळद लागत नाही. डीजे कितीही मोठा आणला तरी त्याला धवल्यापुरतं गप्प बसावं लागतं. डीजेवाल्याच्या आयुष्यात एवढीच काय ती विश्रांती असते.

धवले तिला सासूने, बायजाबाईने शिकवले. तेव्हा शहराचे सेक्टर नव्हते, शेतं होती, आणि खाडीच्या बाजूला मिठागरं होती. बायजाबाई मिठाच्या पाट्या वाहता वाहता धवले शिकवायची, त्यामुळे गोजराला अजूनही बसून गाताना जरा अवघडल्यासारखं होतं. शिकवताना सासूने एकच ताकीद दिली होती. धवला तोंडातून निघाला की मधे तोडायचा नाही, तुटला तर त्या जोडप्याचा संसार तुटतो. गोजराने ती ताकीद जन्मभर पाळली. एकदा मांडवाचा बांबू कोसळला, ती गात राहिली. एकदा डीजे बंद करायला पोलीस आले, डीजेवाल्यासकट सगळा मांडव पळाला आणि उरली एकटी गोजरा. तिने हवालदाराच्या तोंडाकडे बघत धवला पुरा केला. हवालदार शेवटपर्यंत टोपी काढून उभा होता आणि जाताना पाया पडून गेला.

तिचं माहेरही बोनकोड्यातच. धाकटा भाऊ पंढरी दोन गल्ल्या सोडून राहायचा. पंढरीने तरुणपणी दारू इतकी प्यायली की गावाला ती पाठ होती. मग एके दिवशी त्याने गळ्यात तुळशीची माळ घातली आणि पुन्हा थेंबाला शिवला नाही. आता आमच्याकडे हळदीत एक रीत आहे. पाहुण्यांसाठी आणलेला बाटल्यांचा साठा माळकऱ्याच्या ताब्यात द्यायचा, कारण दुसऱ्या कोणाच्या ताब्यात तो पाहुण्यांपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे पंढरीने माळ घातली तेव्हापासून गावातल्या प्रत्येक हळदीत तो बर्फाच्या पिंपाशेजारी उभा राहून ग्लास भरून द्यायचा आणि भजनाला जायचा तो तसाच, दारूने भिजलेल्या बाह्यांनी.

अशाच एका हळदीत, दिवेलागणीच्या सुमारास, पंढरी पिंपाशेजारी खाली बसला आणि आडवा झाला. हळदीत आडव्या झालेल्या माणसाचं काय करायचं ते बोनकोड्यात लहान पोरालाही माहीत आहे. चौघांनी त्याला उचलून भिंतीकडेला ताडपत्रीवर ठेवलं, डोक्याखाली कोणाचा तरी स्वेटर दिला, नाकाला कांदा लावला आणि चपला हरवू नयेत म्हणून उशाशी नीट जोडून ठेवल्या. पंढरी घोरत होता. घोरतोय म्हटल्यावर सगळे निर्धास्त झाले आणि नाचायला गेले. जे केलं ते मायेनेच केलं, यात शंका नाही. बऱ्याच वेळाने त्याला पाणी द्यायला कोणी गेलं, तेव्हा तो गार पडला होता.

गावात पुढे सांगायचे ते असं की गोजरा धवल्यात होती म्हणून तिला कळलंच नाही. ही गोष्ट गावाने आपणहून रचली आणि गोजराने ती राहू दिली. खरं म्हणजे तिने पंढरीला पडताना बघितलं होतं. धवला पुरा करून ती त्याच्यापाशी गेलीही होती. वाकली, तर दारूचा भपकारा आला. पुन्हा लागला प्यायला, असं तिच्या मनात आलं आणि डोक्यात असा काही राग चढला की तिने त्याला हातही लावला नाही. परत येऊन पुढचा धवला धरला, नेहमीपेक्षा जरा चढ्या आवाजात. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

पंढरीची मुलगी रंजिता नेरूळच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. बापाचं सगळं आटोपल्यावर, दु:ख गिळून तिने एकदा आत्याला समजावून सांगितलं. ते घोरणं झोपेचं नव्हतं. हृदय थांबलं की माणूस काही वेळ असा अडखळत, घोरल्यासारखा श्वास घेतो, आणि तेवढ्यात छाती दाबली आणि झटका देणारं मशीन लावलं तर तो परत येऊ शकतो. ते मशीन कोणीही लावू शकतं, ते स्वतःच बोलून सांगतं. मग आत्याला कुशीत घेऊन म्हणाली, तू गात होतीस, तुला कसं कळणार. ड्युटीवरून उतरली की रंजिता आत्याकडे चहाला यायची, आणि विषय निघाला की हेच म्हणायची. दर वेळी गोजरा कप उचलून मोरीकडे जायची.

तेव्हापासून गोजराने धोशा लावला. मशीन मांडवात नसेल तर धवला नाही. लग्नघरं हैराण झाली आणि प्रकरण गावकीपुढे गेलं. गावकी म्हणजे गावच्या लोकांची बैठक. सरकारदरबारी तिला काही किंमत नाही आणि गावात तिच्यापुढे सरकारला काही किंमत नाही. हळदीत किती खर्च करायचा, डीजे कधी बंद करायचा, हे नियम गावकीच करते. अध्यक्ष रूपेश, बिल्डिंगा बांधतो, त्यामुळे कायद्याला सांभाळून राहायची त्याला सवय आहे. त्याने रंजितालाच उभं केलं आणि विचारलं की मशीन लावलं आणि माणूस गेला तर केस कोणावर?

रंजिताने सांगितलं की अमेरिकेत राज्याराज्यांनी याचे कायदेच केलेत. मशीन कुठे ठेवायचं, त्याची देखभाल कोणी करायची, आणि ज्याने चांगल्या मनाने ते वापरलं त्याला कोर्टात ओढायचं नाही. आपल्याकडे रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे. मांडवातल्या माणसाचं काय, ते तिला ठाऊक नव्हतं. रूपेशने थोडा विचार केला आणि म्हणाला की आपला मांडव तर रस्त्यावरच असतो. या युक्तिवादात कोणाला काही खोट दिसली नाही. नियम झाला: गावच्या प्रत्येक हळदीत मशीन मांडवात हवं, आणि ते कोणीही वापरावं.

जत्रेच्या शिल्लक वर्गणीतून मशीन आलं. बायकांनी त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि गावदेवीच्या सभामंडपातल्या कपाटात ठेवलं. रूपेशने कपाटाला कुलूप आणलं होतं. देवळातली समईसुद्धा कुलपात असते, हे तर महागडं मशीन, चावी माझ्याकडे राहील, असं तो म्हणाला. तेव्हा गोजरा म्हणाली, "चावी तुझेकडं, पन तू कुठं?" रूपेश दिवसभर साइटवर असतो, कधी करंजाड्याला तर कधी त्याहून लांब, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याने कुलूप परत खिशात टाकलं. नंतर ते त्याच्या पाण्याच्या टाकीला लागलं.

रंजिताने एका रविवारी रबरी बाहुला आणून बायकांना शिकवलं. छाती किती जोरात दाबायची ते बायकांना लगेच जमलं, पिठाचा उंडा सगळ्यांच्या हाताखालचा. लय मात्र जमेना. ट्रेनिंगमध्ये जे इंग्रजी गाणं मनात म्हणायला सांगतात ते कोणाला येत नव्हतं. मग कोणीतरी हळदीच्या नाचाचा ठेका धरला आणि रंजिताने घड्याळ लावून बघितलं तर तो बरोबर निघाला. मशीनमध्ये हिंदी बोलणारी एक बाई होती. ती "मरीज़ को न छुएँ" म्हणाली की सगळ्या जणी हात वर करायच्या, आणि तिला "हो" म्हणायच्या. मशीनच्या पेटीत कात्री आणि छातीवरचे केस काढायला वस्तरा आधीच होता. रंजिताने त्यात एक जाडसर पंचाही कोंबला. आपल्याकडे माणूस पडला तर तो हळदीने माखलेला असणार, आणि हळदीवर मशीनच्या पट्ट्या चिकटत नाहीत, असं ती म्हणाली.

त्यानंतर हळदी झाल्या, मशीन प्रत्येक मांडवात आलं आणि नुसतं बसून गेलं. पाहुणे त्याला चार्जिंगचं काहीतरी समजायचे आणि त्यात मोबाईलची पिन घालायला जागा शोधायचे.

मग राहीबाईच्या अश्विनची हळद निघाली. राहीबाई गावची खटपटी बाई, तिने ड्रोन लावला होता. नवऱ्याचा मामा मिथुन दुपारपासून नाचत होता. मामाला हळदीत मान असतो, आणि मिथुनने तो मान एकेक ग्लास करून घेतला होता. ऊन उतरलं, डीजे थांबला, गोजराने माइक हातात घेतला आणि हळदीचा धवला धरला. नवऱ्याच्या कपाळाला पहिली हळद लागली, आणि समोर उभा असलेला मिथुन दोन पावलं मागे गेला आणि धाडकन आडवा झाला.

चौघे पुढे आले. ताडपत्री आली. कांदा आणायला कोणीतरी आत पळालं. मिथुन घोरत होता, मधेच थांबत होता, पुन्हा घोरत होता. गोजरा गाता गाता त्याच्याकडे बघत होती. कोणीतरी वाकून त्याच्या चपला उचलल्या आणि उशाशी नीट जोडून ठेवल्या.

गोजराने धवला तोडला.

माइक हातात असल्यामुळे तो अख्ख्या बोनकोड्यात तुटलेला ऐकू आला. राहीबाईचा हात हळदीच्या वाटीत तसाच राहिला. पुढचं वाक्यही माइकवरच गेलं, "मशीन आना." गोजरा मिथुनपाशी बसली. हाका मारल्या, गदागदा हलवलं, तो काही केल्या जागा होईना. बायकांनी कात्रीने त्याचा नवा कोरा कुडता उभा कापला, पंच्याने घाम पुसला. मिथुनच्या छातीवर केसांचं रान होतं, तेव्हा वस्तरा चालला. पट्ट्या लागल्या. मशीनमधली बाई म्हणाली, मरीज़ को न छुएँ, आणि सगळा मांडव हात वर करून उभा राहिला. ड्रोनवाल्याने तेवढं फार छान टिपलंय. मग ती बाई म्हणाली की शॉकची गरज नाही.

गोजराने तरी छाती दाबायला घेतली. रंजिताने शिकवलं होतं की शंका असेल तर दाबा. ठेका पुरता बसायच्या आतच मिथुनने डोळे उघडले, एक शिवी दिली आणि आपला ग्लास कुठे आहे ते विचारलं. तो प्यायला होता, बाकी त्याला काही झालं नव्हतं. झालं असेल तर ते गोजराच्या हातून, बरगडीला. तिने धवला पुन्हा पहिल्यापासून गायला, पण राहीबाईने तो मोजला नाही.

पुढच्या रविवारी सभामंडपात गावकी भरली. राहीबाईचं म्हणणं सरळ होतं. धवला तुटला, तोही माझ्याच पोराचा, आणि तुटला तो एका बेवड्यासाठी. बेवडा तिचा सख्खा भाऊ होता, पण तिने ते तसंच म्हटलं. मिथुनने उभं राहून शर्ट वर केला आणि उजव्या खांद्याखालचा आणि डाव्या काखेखालचा असे दोन गुळगुळीत चौकोन बैठकीला दाखवले. लग्नाच्या प्रत्येक फोटोत मी असा दिसतोय, असं तो म्हणाला. ते खोटं होतं, लग्नात त्याने कोट घातला होता, पण सहानुभूती मिळाली.

रूपेश समजूतदार माणूस. त्याला मशीन काढायचं नव्हतं आणि राहीबाईलाही दुखवायचं नव्हतं. तो म्हणाला की नियमात एक साधी सुधारणा करू. माणूस पडला की आधी त्याच्या तोंडाचा वास घ्यायचा. दारूचा वास आला तर झोपू द्यायचं, नाही आला तर मशीन लावायचं. म्हणजे मशीनही राहील आणि धवलेही तुटणार नाहीत. सगळ्यांना ते पटलं. माना डोलल्या. इतका सोपा उपाय आधी कसा सुचला नाही, असं दोघातिघांनी बोलून दाखवलं.

गोजरा खांबाला टेकून बसली होती. शेजारी रंजिता होती, रात्रपाळी करून आलेली, डोळे तांबारलेले. रंजिता उठून बोलायला लागली की असं करू नका, वासावरून काही कळत नाही, प्यालेल्याचंही हृदय थांबतं. राहीबाई तिला मधेच म्हणाली की बाई गं, तुझं शिक्षण कबूल, पण तुझा बाप माळकरी होता, त्याचा कोणी वास घेतला असता तर तो वाचला असता की. उलट आम्ही तेच सांगतोय. बापाचा वास कोणी घेतला नाही, एवढंच रंजितालाही माहीत होतं. रूपेशने हात वर करायला सांगितले.

गोजराला काय करायचं ते कळत होतं आणि ते करवत नव्हतं. बोलली नाही तर पुढचा पंढरी पिंपाशेजारी पडेल, त्याच्या ओल्या बाह्यांचा वास कोणीतरी नियमाप्रमाणे घेईल आणि नियमाप्रमाणे त्याला झोपू देईल. बोलली तर रंजिता जाईल. नवरा गेलेला, मुलगी सासरी. दाराची कडी वाजवून चहा मागणारं दुसरं कोणी तिला राहिलं नव्हतं. तिने पुष्कळ धवले गायले होते पण मांडवाबाहेर बोलताना तिचा आवाज कधी फुटायचा नाही. तो आताही फुटला नाही. लोकांना पुढे सरकून ऐकावं लागलं.

"वास घेवाचा नाय," ती म्हणाली. "पंढरीचा मीनी घेतला व्हता."

रूपेशचा हात वरच राहिला.

"त्याचे बाह्यांना दारू व्हती. मना वाटला, परत प्यायला लागला. तो घोरत व्हता नि मीनी हातसुदा नाय लावला. जाऊन पुढचा धवला धरला."

राहीबाईने पदर सारखा केला. मिथुनने शर्टाची बटणं लावली. गोजराने रंजिताकडे बघितलं नाही, समोरच्या कपाटाकडे बघत राहिली. उभ्याउभ्याच रंजिता रूपेशला म्हणाली, "लिहा. पडला त्याला मशीन. वास घ्यायचा नाही." आणि पर्स उचलून निघून गेली.

नियम तसाच झाला. आमच्या गावकीच्या नियमांमधला तो सगळ्यात छोटा आहे, आणि सभामंडपाच्या भिंतीवर 'चपला बाहेर काढा' याच्या खाली तो रंगवलेला आहे. अश्विनचा संसार अजून तरी तुटलेला नाही. राहीबाई लक्ष ठेवून आहे.

रंजिता मात्र चहाला यायची थांबली. मशीनचा हिरवा दिवा लागतोय का ते बघायला ती आठवड्याला देवळात यायची, ते चुकलं नाही. देवळाची वाट गोजराच्या दारावरून जाते. गोजरा दारात तांदूळ निवडत बसायची, रंजिता मान खाली घालून जायची आणि तशीच परतायची. गोजरा दोन कपांचं आधण ठेवायची आणि नंतर दोन्ही कप स्वतःच प्यायची. तिला झोप लागेनाशी झाली, डॉक्टर म्हणाले चहा कमी करा.

मग रूपेशच्या पुतणीची, उन्नतीची हळद ठरली. धवला तोडलेल्या धवलारनीला आता कोण बोलावणार, असं गोजरा धरून चालली होती. पण रूपेशच्या घरची माणसं आली, बसली, चहा प्यायली आणि आजीच्या गुडघ्यांचं सगळं सांगून गेली. हळदीच्या दिवशी ती मांडवात जाऊन बसली. पाट मांडला होता, समोर उन्नती पिवळी साडी नेसून बसली होती. बर्फाच्या पिंपाशेजारी नवा माळकरी उभा होता, बाह्या आत्ताच ओल्या करून. मिथुनही आला होता, त्याच्या छातीचे चौकोन भरून आले होते. गोजराने माइक घेतला, पण तिला समोर बघवेना. गाताना नजर सारखी गर्दीत फिरायची, कोण डुलतोय, कोण बसलाय, कोणाचा तोल जातोय. पहिल्याच ओळीला तिचा सूर हलला. असं तिच्या बाबतीत कधी झालं नव्हतं, आणि बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

तेवढ्यात शेजारी कोणीतरी येऊन बसलं. हॉस्पिटलच्याच कपड्यात, मांडीवर मशीनची पेटी घेऊन. रंजिताने पेटीचं झाकण उघडलं, दिवा बघितला, आतला पंचा नीट घडी करून ठेवला. आत्याकडे तिने बघितलं नाही. ती पिंपाकडे बघत होती.

"आत्या, तू गा," ती म्हणाली. "मी बघते."

गोजराने डोळे मिटले आणि धवला पुन्हा पहिल्यापासून धरला.